हाताचे पाते

कोलकात्याच्या पूर्वेस न्यू टाउन नावाचे एक नवे नगर गेल्या पाव शतकात उभे राहिले आहे. मराठी माणसाच्या मनात कोलकात्याची शीव निराळ्याच कारणाने कोरलेली असते. १७४२ साली भास्करराम कोल्हटकर यांच्या फौजा बंगालमध्ये उतरल्या, तेव्हा त्यांच्या धास्तीने तेथील लोकांनी गावाभोवती एक खंदक खणावयास घेतला. हा ‘मराठा खंदक’ पुरा झालाच नाही. पुढे तो बुजवण्यात आला आणि त्याच्या जागी शहराचा सर्क्युलर रस्ता झाला. त्या बुजलेल्या खंदकाच्या कितीतरी पलीकडे, सॉल्ट लेक ओलांडल्यावर, राजारहाटची भातखाचरे आणि मासळीची तळी होती. १९९९ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने ‘हिडको’ ही संस्था काढली आणि या प्रदेशात रुंद रस्ते, कचेऱ्या व उंच इमारती उठू लागल्या.

तेथे आज कानी पडतो तो आवाज घोड्यांच्या टापांचा नाही, करवतीचा आहे. बांधकाम चालू असलेल्या कोणत्याही इमारतीत शिरावे. जिन्याला कठडा बसलेला नसतो, भिंतींना रंग लागलेला नसतो. परंतु वरच्या एखाद्या मजल्यावरून एक तीव्र, चढत जाणारा आणि एकाएकी तुटणारा स्वर येत असतो. वर जाऊन पाहावे तो एक सुतार, त्याच्यापुढे तिवईवर ठेवलेले एक यंत्र आणि पायाखाली भुशाचा थर. सुतार लाकडाची पट्टी यंत्रावर ठेवतो, मूठ खाली आणतो, आणि क्षणार्धात पट्टीचे टोक बरोबर पंचेचाळीस अंशांत छाटलेले असते. असे दोन तुकडे जोडले की दाराच्या चौकटीवरील पट्ट्यांचा कोपरा तयार होतो.

या यंत्राचे नाव भलतेच लांब आहे : स्लायडिंग कंपाउंड मायटर सॉ. कामगार त्याला नुसते ‘मायटर’ म्हणतात. या लांबलचक नावातच यंत्राचे सारे गुण सामावले आहेत. चौकटीच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या तिरप्या कापून भिडवतात, त्या सांध्याला मायटर म्हणतात. येथे लाकूड जागेवर स्थिर राहते आणि वरचे गोल पाते डावीउजवीकडे वळवून हा तिरपा काप घेता येतो. ते पाते बाजूला कलतेही करता येते, म्हणून ते कंपाउंड, म्हणजे दुहेरी कोनाचे. आणि दांड्यांवरून ते मागेपुढे सरकते, म्हणून स्लायडिंग. वळणे, कलणे आणि सरकणे या तिन्ही हालचाली पूर्वी सुताराच्या मनगटात, खांद्यात आणि कंबरेत होत्या. त्या तेथून निघून यंत्रात कशा गेल्या आणि जाताना कोणती गोष्ट मागे राहून गेली, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आरंभ शब्दापासून करू. आपला ‘करवत’ हा शब्द संस्कृत ‘करपत्र’ या शब्दावरून आला. कर म्हणजे हात आणि पत्र म्हणजे पान, पाते. करवत म्हणजे हाताचे पाते. बंगालीतही याच शब्दाचे ‘करात’ झाले आहे. आणि ज्याला आपण सुतार म्हणतो त्याला बंगाली माणूस ‘छुतोर’ म्हणतो. या दोन्ही नावांच्या मुळाशी सूत्र आहे, दोरा आहे. लाकडावर रंगात बुडवलेला दोरा ताणून रेघ उमटवावयाची आणि त्या रेघेशी इमान राखावयाचे, हा ज्याचा धर्म तो सुतार. आजही मिस्त्री मापे घेताना इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणतो. दोन दूरच्या प्रांतांतील कारागिरांची आणि त्यांच्या हत्याराची नावे अशी सख्ख्या भावंडांसारखी असावीत, यावरून हा व्यवसाय या देशात किती जुना आणि किती एकजिनसी आहे याची कल्पना यावी.

त्याचे वय मोजावयाचे असेल तर लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यात जावे. तेथील चैत्यगृहाच्या कमानदार छताला सागवानी फासळ्या बसवलेल्या आहेत. दोन हजार वर्षांच्या उन्हापावसानंतरही त्या जागच्या जागी आहेत. डोंगर कोरून केलेल्या छताला लाकडी फासळ्यांची गरज नव्हती. परंतु लाकडी घराचा संस्कार त्या काळच्या शिल्पकारांच्या मनातून गेला नव्हता. त्याच लेण्याच्या दर्शनी भागावर एक लहानसा लेख आहे. धेनुकाकट येथील वेणुवासाचा पुत्र सामी या वर्धकीने, म्हणजे सुताराने, या घराचे मुख केले, असा त्याचा आशय आहे. राजे, सेठ आणि यवन व्यापारी यांच्या दानलेखांच्या मांडीला मांडी लावून एका सुताराचे नाव बसले आहे. त्याच्या हातात कोणती करवत होती हे लेख सांगत नाही. पण ती करपत्रच होती, हाताचे पातेच होती, यात शंका नाही.

या पात्याचा धाक आपल्या भाषेनेही जपून ठेवला आहे. मोक्षाच्या आशेने काशीस जाऊन करवत घेणारांच्या कथा आपल्या आज्यांनी सांगितल्या आहेत. शस्त्रांत तलवार मानाची. परंतु सर्वस्व देऊन टाकण्याची भाषा आली की मराठी मनाला करवत आठवते. तलवारीचा घाव एकदाच होतो. करवत पुन्हापुन्हा येते, दातादाताने कापते, हे त्यामागचे निरीक्षण असावे.

हातकरवतीचा स्वभाव मात्र मूळचा सोशीक. ती चालवणाऱ्याला विचार करावयास वेळ देते. रेघ सुटली तर चार ओढींत ध्यानात येते. पाते अडकले तर हात थांबतो. माणूस थकला की करवतही थकते. आपल्याकडील जुन्या देशी करवतींचे दात पुष्कळदा मुठीकडे वळलेले असत, म्हणजे ती ओढताना कापी. सुतार जमिनीवर बसे, लाकूड पायाने दाबून धरी आणि करवत आपल्याकडे खेची. ओढण्याची ही सवय ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

बंगालमध्ये हातकरवतीचे एक विलक्षण रूप फार काळ टिकले. तेथील शांखारी, म्हणजे शंखाच्या बांगड्या करणारे कारागीर, अर्धचंद्राच्या आकाराची एक जड करवत वापरीत. ती दोन्ही हातांनी धरून, पायांत दाबलेल्या शंखावर झुलवावयाची आणि कठीण शंखाची वलये कापावयाची. हडप्पा संस्कृतीतील शंखकामाच्या अवशेषांवरही धातूच्या करवतीने कापल्याच्या खुणा सापडल्या आहेत. म्हणजे हे कौशल्य या भूमीत चार-साडेचार हजार वर्षांचे आहे. विसाव्या शतकात विजेची फिरती चाके आली, आणि ती अर्धचंद्राकृती करवत हळूहळू बाजूला पडली.

मोठ्या लाकडाची कथा आणखी कष्टाची होती. ओंडका खड्ड्यावर आडवा ठेवीत. एक माणूस वर उभा राही, दुसरा खड्ड्यात उतरे, आणि दोघे मिळून लांब करवत वरखाली ओढीत. खालच्याच्या डोळ्यांत, केसांत आणि छातीत दिवसभर भुसा पडे. मुंबईच्या गोदीचा इतिहास या घामावर उभा आहे. १७३६ साली सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया सुतारांसह मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या येथे सागवानी जहाजे बांधली. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल बंदरात तरंगत आहे. त्याची फळी न्‌ फळी माणसाच्या दंडाच्या बळावर घडली होती. हुगळीच्या काठीही असाच उद्योग चालला. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कोलकात्यात चिनी वस्ती वाढली आणि त्यांतील कॅन्टनकडील लोक उत्तम सुतार म्हणून नावारूपास आले. निमतला घाटाजवळच्या लाकडाच्या वखारी आणि बहुबाजारातील लाकूडसामानाची दुकाने त्या जुन्या उद्योगाची आठवण देतात.

हाताचे पाते हातातून सुटण्याची क्रिया मात्र युरोपात सुरू झाली. हॉलंडमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस कोर्नेलिस कोर्नेलिसझोन याने पवनचक्कीला करवत जोडली. वाऱ्याने चाक फिरे आणि त्या फिरण्याचे रूपांतर करवतीच्या वरखाली चालण्यात होई. इंग्लंडमध्ये या कल्पनेला सुखाने प्रवेश मिळाला नाही. १७६८ साली लंडनजवळ लाइमहाउस येथे चार्ल्स डिंगली याची नवी लाकूडगिरणी करवत ओढणाऱ्या कामगारांच्या जमावाने मोडून टाकली. त्या लोकांना आपण अडाणी म्हणू नये. यंत्र आपल्या पोटावर येणार हे त्यांना दिसत होते. पुढे ते आपल्या बोटांवरही येणार आहे, हे मात्र त्या वेळी कोणालाच दिसत नव्हते.

कारण खरे स्थित्यंतर पुढेच होते. आजवरची करवत, वाऱ्यावर चालो की हातावर, पुढे जाई आणि मागे येई. १७७७ मध्ये साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर याला गोल करवतीचे पेटंट मिळाले. गोल पात्याला मागे येणे नाही, विसावा नाही, श्वास घेणे नाही. १८०५ च्या सुमारास पोर्ट्‌समथच्या आरमारी गोदीत मार्क ब्रुनेल याने जहाजांच्या दोरखंडांसाठी लागणाऱ्या कप्प्या यंत्रांवर करून दाखवल्या. त्या कामात गोल करवतीही होत्या. एकशेदहा कुशल कामगारांचे काम तेथे दहा साधे कामगार करू लागले. कौशल्य माणसाकडून यंत्राकडे कसे सरकते याचे इतके स्वच्छ उदाहरण इतिहासात विरळा.

गिरणीतले हे गोल पाते सुताराच्या जवळ आणले ते विजेच्या मोटारीने. १९२२ मध्ये अमेरिकेत रेमंड डीवॉल्ट याने मोटार आणि पाते एका आडव्या भुजेला टांगले. लाकूड जागेवर ठेवावयाचे आणि पाते त्यावरून ओढावयाचे, अशी त्याची योजना होती. १९६४ मध्ये रॉकवेल या अमेरिकन कारखान्याने विजेवर चालणारी लहान मायटर करवत बाजारात आणली. सुतार पूर्वी खाचा पाडलेल्या लाकडी पेटीत पट्टी धरून हातकरवतीने पंचेचाळीस अंशांचा काप घेत. त्या पेटीची जागा फिरत्या बैठकीने आणि हातकरवतीची जागा गोल पात्याने घेतली. पुढे पाते कलू लागले, आणि युरोपातील व जपानमधील कारखान्यांनी त्याला सरकत्या दांड्या दिल्या. न्यू टाउनच्या सुतारापुढे आज जे यंत्र आहे त्यात मिलरचे गोल पाते, जुन्या पेटीतील कोन आणि डीवॉल्टची सरकती भुजा अशा तीन परंपरा एकत्र आल्या आहेत.

आता या पात्याची गती पाहा. साधारण दहा इंची पाते मिनिटाला साडेचार हजार फेऱ्या घेते. त्याच्या कडेवरील दात ताशी सुमारे दोनशे पंधरा किलोमीटर वेगाने धावत असतो. पात्याला साठ दात असतील तर एका सेकंदात साडेचार हजार दात एका बिंदूवरून जातात. बोट चुकीच्या जागी गेले हे मेंदूला कळून हात मागे येण्यास सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्यात नऊशे दात पुढे गेलेले असतात. हातकरवत ‘अरे!’ म्हणावयास अवधी देत असे. या करवतीपुढे सावधपणा आधीच दाखवावा लागतो. जी सावधगिरी पूर्वी काम करता करता येई, ती आता काम सुरू होण्यापूर्वी येणे भाग आहे. माझ्या मते करवतीच्या सगळ्या इतिहासाचे सार हेच आहे.

म्हणून या यंत्राच्या जुळणीला केवळ कारागिरीचा भाग समजू नये. जुळणीस हात घालण्यापूर्वी तार विजेपासून काढून टाकावी. नुसता खटका बंद केला म्हणजे भागले असे समजू नये. मग गुण्या घ्यावा. लाकूड जिला टेकते ती मागची पट्टी आणि पाते यांत काटकोन आहे का, बैठक आणि पाते यांत काटकोन आहे का, हे दोन्ही पाहावे. गुण्या लावताना तो पात्याच्या सपाट अंगाला टेकवावा, दाताला नव्हे, कारण दात किंचित बाहेर आलेले असतात व ते माप चुकवतात. यंत्रावरील अंशांच्या खुणांवर आंधळा विश्वास ठेवू नये. इमारतीच्या एका मजल्यावरून दुसऱ्यावर वाहून नेताना यंत्राला धक्के बसतात आणि काटा हळूच सरकतो.

खरी परीक्षा लाकूडच घेते. एक सरळ, रुंद फळी मधोमध कापावी, दोन तुकड्यांतील एक उलटा करावा आणि कापलेल्या कडा पुन्हा भिडवाव्या. मध्ये उजेडाची रेघ दिसली तर काटकोन चुकला आहे, आणि दिसते ती चूक मूळ चुकीच्या दुप्पट आहे. चौकटीत तर ही चूक चक्रवाढ व्याजासारखी वाढत जाते असे वाटते. तसबिरीच्या चौकटीला चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्याला दोन काप, म्हणजे एकंदर आठ काप. प्रत्येक कापात अर्ध्या अंशाची चूक असेल तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट पडते. सुतार मग ती फट भुसा आणि सरस यांनी बुजवतो, आणि घरमालक लाकडाला दोष देतो.

दुहेरी कोनाचे गणित आणखी नाजूक आहे. छत आणि भिंत यांच्या सांध्यावर बसवावयाची नक्षीदार पट्टी भिंतीशी अडतीस अंशांचा कोन करून बसणारी असेल, आणि खोलीचा कोपरा काटकोनात असेल, तर ती पट्टी बैठकीवर सपाट निजवून पाते ३१.६ अंश वळवावे व ३३.९ अंश कलवावे लागते. हे अंक मनाने काढणे कठीण. म्हणून कित्येक यंत्रांवर त्यांच्या खुणा करून ठेवलेल्या असतात. कार्ल्याच्या सामीला हे आकडे ठाऊक नसतील. त्याने असा सांधा डोळ्याने आणि अंदाजाने, चार वेळा तासून, पाचव्या वेळी बसवला असता. आपल्या सुताराला पहिल्याच कापात तो बसवावयाचा असतो.

पात्याच्या निवडीतही इतिहास डोकावतो. सरकत्या करवतीसाठी ज्याचे दात पुढे झुकलेले आहेत असे पाते घेऊ नये. किंचित मागे रेललेल्या दातांचे घ्यावे. पुढे झुकलेला दात लाकडात अधाशीपणाने घुसतो आणि सारे पाते कामगाराच्या अंगावर खेचून आणतो. पात्यावर जी कमाल गती छापलेली असते ती यंत्राच्या गतीहून कमी असता कामा नये. बोथट किंवा वाकलेले पाते काटकसरीच्या नावाखाली लावणे ही काटकसर नव्हे.

आणि आता ती ओढण्याची सवय. डीवॉल्टच्या यंत्रात पाते आपल्याकडे ओढून काप घेत. आपली जुनी देशी करवतही ओढतानाच कापी. त्यामुळे सरकते यंत्र प्रथम हाती घेणाऱ्याला वाटते की हेही पाते लाकडात उतरवून आपल्याकडे ओढावे. येथेच घात होतो. या यंत्रात पात्याचे खालचे दात कामगारापासून दूर, मागच्या पट्टीकडे धावत असतात. फिरते पाते ओढत आणले तर ते दात लाकडावर चढतात आणि सारे यंत्र उसळून छातीकडे येते. योग्य क्रम याच्या अगदी उलट आहे. पाते वर असताना मूठ आपल्याकडे ओढून घ्यावी. खटका दाबून पात्याला पुरी गती येऊ द्यावी. मग ते खाली उतरवावे आणि हळूहळू पुढे ढकलीत न्यावे. असे केले म्हणजे दात लाकडाला मागच्या पट्टीवर दाबून धरतात. काप पुरा झाला की खटका सोडावा, पाते खालीच ठेवून पूर्ण थांबू द्यावे, आणि नंतरच वर उचलावे. फिरते पाते वर घेताना कापलेला तुकडा त्यात सापडला तर तो गोफणीतल्या दगडासारखा सुटतो.

लाकूड धरण्याचाही एक धर्म आहे. हात पात्यापासून वीतभर दूर असावा. तुकडा लहान असेल आणि हात त्याहून जवळ न्यावा लागत असेल, तर तो हाताने न धरता शिकंज्यात धरावा. उजव्या हातावरून डावा हात पलीकडे नेऊन, हातांची कैची करून लाकूड कधीही धरू नये. पट्टी वाकलेली असेल तर तिची फुगीर बाजू मागच्या पट्टीला लागली पाहिजे, नाहीतर काप मिटतो आणि पात्याला चावतो. लांब पट्टीचे दुसरे टोक अधांतरी सोडू नये. सैल बाही, गळ्यातला गमछा आणि सुटे हातमोजे यांना पात्याजवळ जागा नाही. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर पट्टी हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या भुशाची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. खड्ड्यातल्या त्या खालच्या माणसाच्या छातीत काय जात होते, हे जगाला इतक्या उशिरा उमगले.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पात्यावरचे सरकते झाकण. पाते वर असताना ते पात्याला झाकते आणि खाली येताना आपोआप मागे हटते. पुष्कळ ठिकाणी हे झाकण तारेने मागे बांधून ठेवलेले दिसते. ‘रेघ दिसत नाही’, ‘काम मंदावते’, अशी कारणे सांगतात. सुताराच्या दृष्टीने ही कारणे अगदीच खोटी नाहीत. त्याला दिवसाच्या पगारापेक्षा बसवलेल्या दारांच्या संख्येवर पैसे मिळत असतील, तर झाकणाने घेतलेला क्षण त्याच्या खिशातून जातो. म्हणून झाकण बांधण्याचा दोष एकट्या सुताराच्या माथी मारता येत नाही. ज्याने कामाचा दर ठरवला तोही त्या तारेला पीळ देत असतो.

कायद्याने या प्रश्नाकडे पाहिले आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या एकविसाव्या कलमाने यंत्रांच्या धोकादायक भागांना आवरण घालणे बंधनकारक केले होते. परंतु वीज वापरणाऱ्या जागी सामान्यतः दहा कामगार असल्याशिवाय ती जागा कारखाना ठरत नसे. वरच्या मजल्यावर तिवई मांडून बसलेले दोन सुतार कोणत्या कारखान्यात मोडणार? त्याआधी १९२३ मध्ये कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला होता. त्याला एक परिशिष्ट जोडलेले होते आणि ते पुढे दुरुस्तही झाले. त्या दुरुस्त परिशिष्टाप्रमाणे अंगठा गेला तर कमाईची शक्ती तीस टक्क्यांनी घटली असे मानावयाचे. तर्जनी पुरी गेली तर चौदा टक्के. मधले बोट बारा टक्के. अनामिका किंवा करंगळी सात टक्के. एका हाताची चारही बोटे गेली तर पन्नास टक्के. नोव्हेंबर २०२५ मध्ये या जुन्या कायद्यांची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली.

मला या आकड्यांची निंदा करावयाची नाही. भरपाईला काहीतरी माप हवेच, आणि ते माप बसवणाऱ्यांनी गरिबाच्या हाती चार पैसे पडावेत म्हणूनच ते बसवले. पण सुताराच्या हातात गुण्या धरण्यास तर्जनी लागते, पटाशी पेलण्यास अंगठा लागतो, आणि रंध्याला वळण देण्यास करंगळीचाही आधार लागतो. त्याच्या हिशेबी यांतले कोणतेही बोट सात किंवा चौदा टक्क्यांचे नाही. सूताच्या मापाने जगणाऱ्या माणसाच्या हाताची किंमत टक्क्यांत करावयाची वेळच येऊ नये, यासाठी वर सांगितलेली सारी खटपट आहे.

भाद्रपद संक्रांतीस, म्हणजे सप्टेंबरच्या सतरा तारखेच्या सुमारास, बंगालमध्ये विश्वकर्म्याची पूजा होते. त्या दिवशी कोलकात्याच्या आकाशात पतंगच पतंग दिसतात आणि कारखान्यांतील यंत्रे बंद असतात. ती पुसून, तेल घालून, फुले वाहून ठेवतात. आपल्याकडे खंडेनवमीला सुतार आपली करवत, वाकस आणि रंधा पाटावर मांडतो व हळदकुंकू वाहतो. हत्यार वर्षातून एक दिवस स्वस्थ बसावे आणि माणसाने त्याच्याकडे निवांतपणे पाहावे, ही रीत पूर्वजांनी घालून दिली. हातकरवतीला असा एक दिवस पुरत असे. ताशी दोनशे किलोमीटरने धावणाऱ्या पात्याला तो पुरणार नाही. त्याची तार काढून, गुण्या लावून, झाकण सहज उघडते-मिटते की नाही हे पाहण्याची पूजा रोज सकाळी पहिल्या कापाआधी झाली पाहिजे. तिला फार तर पाच मिनिटे लागतात.

न्यू टाउनमधील त्या खोल्यांत आता कुटुंबे राहावयास येतील. दाराच्या चौकटीचा कोपरा इतका नेमका बसलेला असेल की त्यातून केसही जाणार नाही. तो कोणी कापला हे त्यांना ठाऊक नसेल. कार्ल्याच्या सामीसारखे आपले नाव भिंतीवर कोरण्याची सोय त्या सुताराला नाही. त्याची दहाही बोटे शाबूत घेऊन तो पुढच्या कामावर गेला असेल, तर करपत्र या जुन्या शब्दातला हात अजून जागेवर आहे असे आपण म्हणू.